लाईन चालू हाय

फोन उचलल्यावर आमचे घरमालक कधीही ‘हॅलो’ म्हणाले नाहीत. रिसीव्हर कानाला लावायचे आणि म्हणायचे, “बोला, लाईन चालू हाय.” समोरच्या माणसाला आधी तेवढी खात्री दिली पाहिजे, मग त्याने काय ते बोलावं, असं त्यांचं मत होतं. टेलिफोन खात्यात त्यांनी तेहतीस वर्षं काढली होती. पहिली वीस खांबांवर, उरलेली एक्स्चेंजच्या खोलीत. निवृत्त झाल्यावरही खात्याचे खाकी शर्ट ते विरेपर्यंत वापरत राहिले.

नातवंडांनो, तुमचे बाबा त्यांचा उल्लेख ‘तो हट्टी म्हातारा’ असा करतात आणि तुम्ही तेवढंच ऐकलेलं आहे. त्यांना जाऊन आता काही वर्षं झाली. दुसरी बाजू सांगणारी मी एकटीच उरले आहे, म्हणून हे नीट लिहून ठेवते. तुमच्या बाबांनीही वाचावं.

सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणत असे. पुण्याजवळ भुकूमला त्यांचं दुमजली घर आहे. वरच्या दोन खोल्या मी भाड्याने घेतल्या त्या तुमचे आजोबा गेल्यानंतरच्या वर्षी. पुण्यातला फ्लॅट चौथ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती, आणि जिन्यात भेटणारा प्रत्येक जण मला “आता एकट्या कशा राहणार?” असं विचारत असे. त्या प्रश्नाचा मला जिन्यापेक्षा जास्त कंटाळा आला होता.

खोल्या बघायला गेले तेव्हा अण्णांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसले. मी माझी माहिती क्रमाने सांगितली. नाव, वय, एका कारखान्यात एकतीस वर्षं मुख्य साहेबांची सेक्रेटरी, मुलगा अमेरिकेत. त्यातल्या कशातच त्यांना रस दिसला नाही.

“कंप्युटर हाय का?” त्यांनी विचारलं.

“आहे. मुलाने घेऊन दिलाय.”

“आत काय घातलंय?”

“विंडोज.”

“इकत घेतलेलं?”

मी विचार केला. दुकानदाराने कंप्युटर जोडून देताना एक सीडी घातली होती. तिच्यावर काळ्या मार्करने नुसतं ‘विंडोज’ असं लिहिलेलं होतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं.

“मंग चोरीचं हाय,” अण्णा म्हणाले.

त्यांच्या पत्नी चहाचे कप घेऊन येत होत्या. मी त्यांना पुढे वहिनी म्हणू लागले. त्या दारातच थांबल्या. “अवो, भाडेकरूला पयल्याच दिवशी चोर म्हनताय व्हय?”

“बाईंस्नी न्हाई म्हनलो. शीडीला म्हनलो.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “हितं मासं शिजवा, मटान शिजवा, माजं काय म्हननं न्हाई. पर चोरीचं चालनार न्हाई. त्ये काडा. मी दुसरं घालून देतो. फुकाट हाय, पर चोरीचं न्हाई.”

एकतीस वर्षांत कारखान्यातला एक टाचणीचा डबाही मी घरी आणला नव्हता, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत हे बसलेलं होतं. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी मी तिथेच खोल्या पक्क्या केल्या.

दुसरं म्हणजे लिनक्स. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं, आणि आपण एकेक हुकूम टाइप करायचा. अण्णांना ते कसं येत होतं, याचं आमच्या आळीत सगळ्यांना नवल होतं. एक्स्चेंजमधलं बिघाडांच्या नोंदीचं मशीन युनिक्सवर चालायचं. पुण्याहून इंजिनियर यायचे, टाइप करायचे, जायचे. अण्णा पाठीमागे पक्कड घेऊन उभे राहायचे आणि ते गेल्यावर खिशातल्या डायरीत प्रत्येक हुकूम देवनागरीत उतरवून घ्यायचे. ‘पिंग – हाक मारून बघने.’ ‘ग्रेप – गर्दीतून मानूस हुडकने.’ अशा अकरा डायऱ्या होत्या. लिनक्स हे युनिक्सच्याच घराण्यातलं, त्यामुळे त्यातलं बहुतेक सगळं इथेही चालत होतं. चालू असलेला प्रोग्रॅम बंद करायच्या हुकमाला ‘किल’ म्हणतात. तो शब्द मात्र ते उच्चारत नसत. “त्याला बसवा” म्हणत.

टाइप एकाच बोटाने करायचे. पण चूक झालेली मी पाहिली नाही. कंप्युटर बंद करताना कोणी सरळ बटण दाबलं, तर झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण कोणी ओढल्यासारखा त्यांचा चेहरा होत असे. आणि फोनची लाईन जिवंत आहे की नाही हे बघायला ते उघड्या तारा जिभेला लावत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. ते म्हणाले, “मीटर खोटं बोलतंय कदी कदी. जीभ न्हाई बोलत.”

त्यांना इंग्रजी वाचता येत असे, पण लांब वाक्य आलं की अडायचे. मला इंग्रजी येत होतं आणि मशीनमधलं काहीही कळत नव्हतं. एक्स्चेंजने टाकून दिलेली एक जाडजूड पुस्तिका त्यांनी जपून ठेवली होती. दुपारी चहानंतर मी ती वाचायची आणि ते डोळे मिटून ऐकायचे.

“समोरच्या बाजूने ओळख पटवून घेण्यास नकार दिला,” मी भाषांतर करायची.

“पासवर्ड चुकलाय,” ते म्हणायचे.

“ठरलेल्या वेळेत उत्तर न आल्यामुळे प्रतीक्षा संपवण्यात आली.”

“लाईन मेलीया.”

“अण्णा, तुम्हाला हे कसं कळतं?”

“इंग्रजी तुमचं, मतलब माजा. दोगांचं मिळून एक मानूस हुतंय.”

आता मुद्द्यावर येते. तुम्ही दोघं तेव्हा पाच आणि तीन वर्षांची होतात. तुमच्या बाबांना माझं भुकूमला राहणं पहिल्यापासून पसंत नव्हतं. आईने एकटीने खेड्यात राहायचं म्हणजे मुलाने तिला टाकली असं लोक म्हणतील, असं ते म्हणाले. मी म्हटलं, लोकांना माझ्याकडे पाठव. मग ते म्हणाले की मुलांना आजी दिसत नाही. ते मात्र खरं होतं. तेव्हा हातातल्या फोनवर कोणी दिसत नसे. इंटरनेट हवं, कंप्युटरवर कॅमेरा हवा, आणि आमच्याकडे फक्त फोनची तांब्याची तार होती.

त्याच सुमाराला टेलिफोन कंपनीने त्या तारेवरूनच इंटरनेट द्यायला सुरुवात केली. एक मॉडेम मिळायचा, फोनही चालायचा आणि इंटरनेटही. मी तुमच्या बाबांना कळवलं. त्यांनी अट घातली. डिसेंबर संपायच्या आत दहा मिनिटांचा न तुटणारा व्हिडिओ कॉल करून दाखव. जमलं तर मी पुन्हा विषय काढणार नाही. नाही जमलं तर जानेवारीत येतो आणि तुला घेऊन जातो, कायमची. मी ‘मान्य’ असं लिहून पाठवलं आणि कागदाची प्रत फाईलला लावली. मला तिकडे कायमचं जायचं नव्हतं. तुम्ही नको होतात म्हणून नव्हे. तिकडे मला दुकानात जायलाही कोणीतरी गाडीने न्यावं लागलं असतं, आणि मी सहासष्ट वर्षांची होते, सहा वर्षांची नव्हे.

वेळही ठरली. तुमची शनिवारची झोपायची वेळ म्हणजे आमचे रविवार सकाळचे आठ. इथल्या संध्याकाळी जमलं असतं, पण आमच्याकडे रोज सहा ते दहा वीज नसे. तेव्हा रविवार सकाळी आठ, हे पक्कं.

जोडणी करायला कंपनीचा माणूस आला तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला. त्याने मॉडेम लावला, दिवे लागलेले बघितले आणि कंप्युटरसमोर बसून थबकला.

“स्टार्टचं बटण कुठाय?”

“हितं स्टार्ट न्हाई,” अण्णा म्हणाले. “हितं हुकूम द्यायचा.”

“काका, आमची सीडी विंडोजवर चालते. हे काय आहे?”

“ह्ये परमानिक हाय.”

त्याने फॉर्मवर ‘ग्राहकाची सिस्टीम अयोग्य’ असं लिहिलं आणि सहीसाठी पुढे केला. अण्णांनी चष्मा लावून ते वाचलं, फॉर्म परत दिला, वहिनींना चहा टाकायला सांगितला, आणि चहा होईपर्यंत शांतपणे समजावलं की त्याने सिस्टीम बघितलेलीच नाही, तेव्हा ती अयोग्य आहे हे त्याला कळणं शक्य नाही. “तुमी ल्हिवा, ‘मला येत न्हाई.’ लगीच सही करतो.” त्याने चहा घेतला, पण तसं लिहिलं नाही. सही न घेताच गेला.

मग आम्ही दोघांनी केलं. त्यासाठी एकच हुकूम होता. तो दिला की मशीन एकेक प्रश्न विचारायचं. मी प्रश्न वाचायची, अण्णा उत्तर सांगायचे, मी लिहून घ्यायची आणि मगच ते टाइप करायचे. मॉडेमची तार कुठल्या भोकात? नाव काय? पासवर्ड काय? पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काहीच उमटेना. मला वाटलं कीबोर्ड बिघडला. “उमटनार न्हाई,” अण्णा म्हणाले. “पाटीमागं कोन उबं हाय त्येला म्हाईत न्हाई.” ते स्वतः तसे पाठीमागे उभे राहून शिकले होते, म्हणून मला हसू आलं. शेवटी सुरू करण्याचा हुकूम दिला. एक टिंब आलं. दुसरं टिंब. मग एकच इंग्रजी शब्द आला, ‘कनेक्टेड’.

अण्णांनी खुर्ची मागे सरकवली आणि खाली हाक मारली, “अगं, उचलली गं तिकडनं!” वहिनींनी मॉडेमला हळद-कुंकू लावलं. मी वहीत वेळ लिहिली. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.

पुढच्या रविवारी आठ वाजता तुमचे चेहरे आले, धाकट्याने जीभ काढली, आणि जीभ तशीच गोठली. मॉडेमवरचा दिवा लुकलुकायला लागला. अकरापर्यंत लाईन नव्हती. अकरानंतर ठणठणीत. त्याच्या पुढच्या रविवारी एक मिनिट मिळालं. तिसऱ्या रविवारी कॉल लागलाच नाही.

तक्रारीसाठी फोन केला की आधी गाणं लागायचं. अण्णा रिसीव्हर तांदळाच्या पोत्यावर ठेवून म्हशीला वैरण घालून यायचे आणि बरोबर वेळेत परत कानाला लावायचे. पलीकडे बहुतेक वेळा एकच मुलगी असे.

“सर, कोणती सिस्टीम आहे?”

“लिनक्स.”

“सर, ती आमच्या यादीत नाही. त्यामुळे लाईन तुटते.”

“ताई, जेवलात का?”

“अं? हो, सर.”

“मंग नीट आयका. लाईन तुटतीया, मंग मॉडेमचा दिवा जातोय, मंग माजी सिस्टीम मला सांगती की तुटली. जो तुटल्याचं सांगतोय त्येनंच तोडली म्हनायचं? न बघता दोष लावायचा न्हाई.”

ती मुलगी दरवेळी नम्रपणे तेच वाक्य म्हणायची, आणि अण्णा दरवेळी नम्रपणे तेच उत्तर द्यायचे. इकडे तुमच्या बाबांनी कागदपत्रांसाठी माझ्या पासपोर्टची प्रत मागवली. मी पाठवली नाही.

अण्णांच्या आग्रहामुळे अखेर लाईनमन आला. मोठ्या रस्त्यापासून आमच्या घरापर्यंत तारेला पाच जोड होते. प्रत्येक जोडावर खांबाच्या पायथ्याशी पत्र्याची एक पेटी. चार पेट्या त्याने उघडल्या, अण्णांनी वाकून प्रत्येक जोड बघितला. पाचव्या पेटीपाशी मात्र ते स्वतःच आडवे उभे राहिले.

“ह्यो ऱ्हाऊ दे. ह्यो माजा हाय.”

ही पेटी आमच्या आळीच्या तोंडाशी होती. आळीत पहिला फोन आला तो अण्णांमुळे. खात्याने तार आणायला टाळाटाळ केली, तेव्हा त्यांनी अर्ज करून करून मंजुरी आणली आणि आपल्या रजेच्या दिवशी स्वतः खांबावर चढून तार ओढली, स्वतःच्या हाताने हा जोड केला. जोडाचं योग्य सामान मिळालं नव्हतं, म्हणून तारा पिळून वर मेण ओतलं आणि सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. पहिली घंटी वाजली तेव्हा वहिनींनी तिथे नारळ फोडला होता. तेव्हापासून दर खंडेनवमीला, लोक घरात विळ्या-कोयत्यांची पूजा करतात तेव्हा, ही दोघं त्या पेटीची पूजा करत. हळद-कुंकू, झेंडूची माळ, नारळ. ती पेटी नुसती पेटी राहिली नव्हती. मुलं खेळताना तिच्यावर पाय देत नसत.

लाईनमन निघून गेला. आता दोन रविवार उरले होते.

मला सवय आहे, तुम्हाला माहीत आहे, मी सगळं लिहून ठेवते. त्या संध्याकाळी दिवे गेल्यावर कंदिलाशी बसून मी वही पहिल्यापासून वाचली. लाईन कधी गेली, कधी आली, आणि माझ्या नेहमीच्या नोंदी: हवा, धुणं वाळलं की नाही. धुणं ज्या दिवशी सकाळी दवाने पुन्हा ओलं झालं होतं, त्या प्रत्येक दिवशी लाईन अकरापर्यंत बंद होती. एका ढगाळ दिवशी धुणं वाळलंच नव्हतं, त्या दिवशी लाईन आलीच नव्हती. एकाही दिवसाचा अपवाद नव्हता.

सकाळी वही घेऊन मी खाली गेले. अण्णांनी बोट फिरवत सगळी पानं वाचली.

“दहिवर शिरतंय,” ते शेवटी म्हणाले. “जोडात पानी हाय.”

“चार जोड कोरडे होते. तुम्हीच बघितलेत.”

“व्हय.”

“मग पाचवा उघडा.”

“त्यो न्हाई उघडायचा, बाई. बाकी काय बी सांगा.”

“का?”

“त्यो चांगला हाय. म्या केलाय.”

“तुम्ही बघितलाय?”

त्यांनी वही मिटली. वहिनी चुलीपाशी भाकरी थापत होत्या, त्यांचे हात थांबले.

मला राग फार क्वचित येतो, पण त्या दिवशी आला. “अण्णा, त्या मुलीला तुम्ही महिनाभर सांगताय की न बघता दोष लावायचा नाही. मग न बघता निर्दोष तरी कसं म्हणता? तुमचा जोड जपायचा म्हणून मी माझं घर सोडून जायचं का? तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी पासपोर्टची प्रत पाठवते. नाहीतर पक्कड द्या. मी उघडते.”

“पेटी देवाची हाय वो बाई,” वहिनी हळूच म्हणाल्या.

“वहिनी, देव उघडल्याने बिघडत नाही.”

अण्णा उठले. खुंटीवरची हत्यारांची पिशवी काढली आणि चालू लागले. मी मागे, माझ्यामागे पिठाच्या हातांनी वहिनी.

पेटीपाशी त्यांनी चपला काढल्या. गंजलेले स्क्रू निघायला वेळ लागला. झाकण उघडलं तेव्हा आत हळदीच्या रंगाचा चिखल होता. मेण केव्हाच गेलं होतं, ट्यूबची पट्टी कुजली होती, आणि तांब्यावर हिरवी भुकटी चढली होती. एक तार अर्धी झिजलेली, दुसरी केसाएवढी उरलेली. झाकणाच्या फटीतून इतक्या वर्षांचं नारळाचं पाणी आत उतरलं होतं. त्यात भर रोजच्या दवाची. बोलणं त्या केसावरून कसंबसं जात होतं, इंटरनेट जात नव्हतं. ऊन लागून पेटी वाळली की दोन्ही नीट चालायची.

अण्णा उकिडवे बसून बघत राहिले.

“म्हंजी आमीच पाजलं व्हय त्येला?” वहिनींनी विचारलं.

“तू न्हाई. तू नारळ फोडला. पानी म्या वतलं, दर साली.” त्यांनी हिरवी भुकटी बोटावर घेतली आणि जिभेला लावली. थुंकले. “मेलाय त्यो.”

मला वाटलं आता ते तिथेच नवा जोड करतील. सामान पिशवीत होतं. पण निवृत्त माणसाने कंपनीच्या तारेला हात लावायचा नसतो. आम्ही घरी परत आलो, त्यांनी इस्त्रीचा खाकी शर्ट घातला, आणि दोघं टेलिफोन ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने तक्रारवही काढली.

“बोला अण्णा. कुणाविरुद्ध?”

“जोड करनाऱ्याविरुद्ध. जोड कच्चा केला, आन् वर दर साली पानी वतलं.”

“नाव आहे का त्याचं?”

अण्णांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, आणि नोकरीतला आपला जुना क्रमांक.

कारकुनाने पेन खाली ठेवलं आणि हसला. “अण्णा, तुम्ही पण ना! मी ‘केबल खराब’ लिहितो. काम होऊन जाईल.”

“केबल खराब न्हाई. तिच्यावर आळ कशापायी?”

“अहो, पण स्वतःविरुद्ध तक्रार कोण लिहितं?”

“ज्येची चूक हाय त्यो. ल्हिव.”

“रकाना नाही त्याला.”

“मंग रकान्याभाईर ल्हिव.”

मागे रांग लागली होती. लोक कुरकुरायला लागले. अण्णा खिडकीवर हात ठेवून उभे होते, आणि मी ओळखलं की हा माणूस आता इथून हलणार नाही. मी वही माझ्याकडे वळवून घेतली, पर्समधलं पेन काढलं आणि कारखान्यातल्या माझ्या सर्वांत सुवाच्य अक्षरात इंग्रजीत लिहिलं. पाचव्या पेटीतील जोड सदोष, तक्रारदाराने स्वतः केलेला, स्वतःच्या अविचाराने भिजवलेला, तातडीने बदलावा. त्यांना मराठीत वाचून दाखवलं. ‘अविचाराने’ या शब्दावर ते थांबले, मग मान हलवली आणि सही केली. कारकुनाने त्या नोंदीवर शिक्का मारला, तेव्हा तो हसत नव्हता.

मधला रविवार तसाच गेला आणि तिसऱ्या दिवशी नवा जोड झाला. नव्या सामानाचा, बंद आवरणातला. अण्णा बाजूला हाताची घडी घालून उभे होते आणि लाईनमनला त्यांनी एकही सूचना केली नाही. पुढच्या वर्षीपासून खंडेनवमीचा नारळ वहिनी उंबऱ्यावर फोडू लागल्या, आणि पेटीला फक्त माळ.

डिसेंबरचा शेवटचा रविवार आला तो दाट धुक्याचा. समोरचा खांब दिसत नव्हता. पावणेआठला मी हुकूम दिला. एक टिंब, दोन टिंबं, कनेक्टेड. आठ वाजता तुम्ही आलात. थोरलीने पडलेला दात दाखवला, धाकट्याने पायमोजे. पाच मिनिटं झाली. मॉडेमचा दिवा स्थिर होता. अण्णा दाराबाहेर जिन्यात उभे होते, आत यायला तयार नव्हते. आठव्या मिनिटाला तुम्हाला काय बोलायचं ते सुचेना, म्हणून तुम्ही नुसते बसून माझ्याकडे बघत राहिलात, आणि मी तुमच्याकडे. बाबा घड्याळाकडे बघत होते.

“दहा,” ते म्हणाले. मग, “पण आई, आज चाललं. उद्या बंद पडलं तर?”

“तर दुरुस्त करू. कसं करायचं ते मला आता येतं.”

“आणि परवा?”

“परवासुद्धा. अट दहा मिनिटांची होती. कागद फाईलला आहे. काढू का?”

जिन्यातून खोकल्यासारखा आवाज आला. तो अण्णांचा हसण्याचा आवाज होता.

तुमचे बाबा तरीही जानेवारीत आले. आठ दिवस राहिले. तिसऱ्या दिवशी त्यांनी खाली जाऊन अण्णांना विचारलं, “तुम्ही माझ्या आईला का चढवताय?” मी वरून ऐकत होते. अण्णा म्हणाले, “सायेब, म्या निस्तं चोरीचं काडाया लावलं. बाकीचं त्येंचं त्येंनी केलं. माज्यावर ओरडल्या बी हायेत, इचारा.” बाबांनी मला काही विचारलं नाही. जायच्या दिवशी त्यांनी खाली वाकून माझ्या पाया पडताना एवढंच म्हटलं, “दर रविवारी.” मी म्हटलं, “आठ वाजता.”

बऱ्याच वर्षांनी एकदा बोलता बोलता त्यांच्या तोंडून निघून गेलं की परतीची तिकिटं त्यांनी दोन काढली होती, शेजारशेजारची, एक माझ्या नावाचं. संपूर्ण प्रवासभर त्या जागेवर त्यांनी आपला कोट ठेवला होता.